पाठमोरा नाच

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या घरामागच्या शाळेत एके दिवशी सकाळीच स्पीकर लागतो. शिपाई माइकवर फुंकर मारतो, दोनदा ‘हॅलो’ म्हणतो, आणि मग कुठल्यातरी गाण्याचा मधलाच तुकडा मोठ्यानं वाजून बंद पडतो. मी त्या वेळी पांघरुणात असतो. तो तुकडा वाजला की माझे पाय आपसूक ताल धरतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. डावा गुडघा तर तीन वर्षांपूर्वीच कामातून गेलाय. जिना उतरताना एकेका पायरीचा जाब विचारतो. पण गॅदरिंगचे दिवस आले हे कॅलेंडरच्या आधी त्यालाच कळतं, याला आता काय करायचं.

नगरकडे हे दिवस एकदम येतात. ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, कांद्याची रोपं वाफ्यांत बसत असतात, उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या असतात, आणि प्रत्येक शाळेच्या पटांगणात कुणीतरी ‘एक, दोन, तीन, चार’ असं घसा फोडून ओरडत असतं. तीस वर्षं ते ओरडणारा मी होतो. पोटासाठी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनवर उभा राहायचो, पण वर्षाच्या सगळ्या रजा या दिवसांसाठी राखून ठेवायचो. घरच्या लग्नकार्याला रजा नसायची. बायको म्हणायची, एकदाचं शाळेतच नाव घाला म्हणजे बरं. हेडमास्तर मला पत्रात ‘नृत्यदिग्दर्शक’ लिहायचे, गावातली माणसं ‘डान्सवाले सर’ म्हणायची, आणि पोरं नुसतं ‘सर’. मला शेवटचंच आवडायचं.

नाच बसवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी स्टेप करून दाखवतो, पोरं करतात, इतकं सोपं ते बाहेरून दिसतं. पण माझी स्टेप पोरांच्या अंगात जाता जाता वाटेत बदलते. एकीच्या खांद्यात लाज असते, दुसरीच्या पायात घाई असते, तिसरीला काल घरी मार बसलेला असतो. घरून निघताना माझ्या मनात एक नाच असायचा. पंधरा दिवसांनी स्टेजवर व्हायचा तो दुसराच असायचा, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तोच बरा असायचा. मग तो कुणाचा म्हणायचा? सुताराला निदान केलेला पाट उचलून दाखवता येतो. माझं काम साडेचार मिनिटं टिकतं, आणि त्या साडेचार मिनिटांत माझ्या हातात काही नसतं. कुणाचा पदर सुटला, कुणी उलट्या बाजूला वळलं, कुणी मधेच रडायला लागलं, तर मी नुसतं बघायचं.

अगदीच नुसतं नाही. आमच्या भागात एक रीत आहे. कार्यक्रमाच्या दिवशी नाच बसवणाऱ्यानं स्टेजच्या खाली, अगदी मधोमध, पोरांकडे तोंड करून उभं राहायचं आणि सगळा नाच त्यांच्यासमोर करायचा. पोरं त्याच्याकडे बघून वर नाचतात. शहरातल्या परीक्षकांना हे आवडत नाही, पाठांतर कच्चं असं ते म्हणतात. पण खेड्यातल्या पोरीला पहिल्यांदाच हजारभर डोळे आपल्याकडे लागलेले दिसतात तेव्हा तिला ओळखीचं एक तरी तोंड समोर लागतं. ते तोंड म्हणजे मी. साहजिकच माझी पाठ लोकांकडे असायची. कित्येक गावांनी माझा चेहरा बघितलेलाच नाही, पाठ मात्र सगळ्यांच्या ओळखीची आहे. एकदा एका बाजारात एक माणूस मागून येऊन म्हणाला, तुमीच ना ते डान्सवाले, पाठीवरनं वळखलं.

यंदा स्पीकर वाजला त्याच दुपारी सुजाताचा फोन आला. शिंगणापूरच्या रस्त्याला एका शाळेत ती आता शिक्षिका आहे. आवाज मी ओळखला नाही, नाव सांगितल्यावर मात्र उठून बसलो. ती म्हणाली, या वर्षी गॅदरिंगचा नाच तिनं स्वतः बसवलाय आणि मी तो बघायला यायचंच. मी गुडघ्याचं कारण पुढं केलं. ती म्हणाली, खुर्चीवरच तर बसायचंय, सर. पुढं थोडं थांबून म्हणाली, आईसुद्धा येणार आहे. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

सुजाता माझ्या नाचात होती तो हिवाळा आता अठराएक वर्षांमागे गेलाय. तिसगावच्या अलीकडे एका फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि दीड किलोमीटर चालत गावात जायचं. दोन्हीकडे कांद्याच्या लागणी चाललेल्या. बायका ओळीनं वाकून रोपं टोचत मागं मागं सरकायच्या, आणि मी मनातल्या मनात त्या ओळीचे आकडे मोजायचो. एवढी सरळ रांग मला कधी पोरींकडून मिळाली नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं त्या शाळेचं पटांगण पाहिलं नसावं. ते खरोखरच वाकडं होतं. एका बाजूला उतार, मधे लिंबाची मुळी वर आलेली, कोपऱ्यात पोषण आहाराची चूल. चुलीचा धूर तिसऱ्या कडव्याला बरोबर आमच्यावर यायचा आणि बाराच्या बारा पोरी खोकत गिरकी घ्यायच्या.

बारा पोरी, चारचारच्या तीन रांगा. सुगीचा नाच होता. पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी असा तो क्रमानं जायचा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नुसतं चालायला लावलं. ही माझी जुनी खोड. पोरगी चालते कशी हे बघितलं की ती नाचेल कशी हे कळतं. अकरा जणी चालल्या, आणि एक जण पोचली, असं काहीतरी मला वाटलं. ती सुजाता. नववीतली, काळीसावळी, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. राहायची बुद्धविहाराकडच्या वस्तीत. वडील नव्हते, आई, कमलबाई, लोकांच्या रानात मजुरीला जायची.

समोर उभं राहून शिकवायचं म्हणजे सगळं उलट करावं लागतं. पोरींचा उजवा हात हवा असेल तर मी डावा उचलायचा. त्यांनी उजवीकडे जायचं असेल तर मी डावीकडे. वर्षानुवर्षं हे केल्यानं माझ्या अंगात प्रत्येक नाच उलटाच बसलेला असतो. एकट्यानं सरळ करायला गेलो तर अडखळतो. पोरींना यातलं काही कळत नाही, त्या आरशात बघितल्यासारखं बघतात आणि करतात. तिसऱ्या दिवशी सुजातानं मला थांबवलं. ती म्हणाली, "सर, उलटं तुमचं हाय का आमचं?" मी हसलो. तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाच पोरीनं विचारला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे न बघता अख्खा नाच करत होती. गाणं बंद केलं तरी तिचे पाय चुकत नव्हते.

अर्थात तिला मी पुढच्या रांगेत मधे उभं केलं. पुढं मधली जी असते तिच्यावर नाच तोललेला असतो. शेवटी तिनं एकटीनं पुढं येऊन गिरकी घ्यायची होती. दोन दिवस ती तिथं होती. मग हेडमास्तरांनी मला चहाला बोलावलं. ते चांगले गृहस्थ होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांची नात पल्लवी माझ्या दुसऱ्या रांगेत होती. हेडमास्तर म्हणाले, अध्यक्षांचं म्हणणं फार काही नाही, आमची पोरगी पुढं दिसली पाहिजे एवढंच. बाकी तुमच्या कामात आम्ही कोण बोलणार. चहा झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी पुढं सरकवली. पुढच्या रांगेतली चार नावं त्यांनी लिहूनच ठेवली होती. पल्लवी मधे. मागच्या रांगेची नावं त्यांनी लिहिली नव्हती. ती मी ओळखायची होती, आणि मला ओळखता आली. कुणी काही वावगं बोललं नाही. बोलायची गरजच पडत नाही.

मी काय करायला हवं होतं, हे मला त्या वेळीही माहीत होतं. चिठ्ठी परत द्यायची, पिशवी उचलायची आणि फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघायची. पण पुढच्या वर्षी त्या शाळेत यायचं होतं, त्या हेडमास्तरांच्या ओळखीनं आणखी दोन शाळा मिळाल्या होत्या, आणि खरं म्हणजे मला नाच सोडवत नव्हता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मी नाचातच पळवाट शोधली आणि ती सापडली याचा मला अभिमान वाटला.

पळवाट अशी. कापणीच्या कडव्यात मी सगळ्या पोरींना लोकांकडे पाठ करून वळवलं. आता पुढच्या रांगेला मी दिसेनासा झालो. मधल्या रांगेलाही. सगळ्यांच्या समोर आता होती मागची रांग, आणि त्या रांगेत मधे सुजाता. तिच्यापुढं कुणी नाही, नुसता रंगवलेला पडदा. तिनं कुणाकडेही न बघता करायचं आणि अकरा जणींनी तिच्या पाठीकडे बघून करायचं. नाचाचा जवळजवळ निम्मा भाग मी असा पाठमोरा करून टाकला. दिसायला झकास दिसत होता. बारा पाठी एकदम वाकायच्या, विळे एकदम फिरायचे. हेडमास्तर खूश झाले, म्हणाले काहीतरी नवीन आहे. पल्लवी पुढच्या रांगेत होती, गिरकीही तिलाच होती, म्हणजे त्यांचं काम झालं होतं. माझंही झालं, असं मला वाटलं.

सुजाताला मी बाजूला घेऊन समजावलं. म्हणालो, जागा मागची आहे, पण नाच तुझ्यावर आहे. तू चुकलीस तर सगळ्या चुकतील. ती मान डोलावून ऐकत होती. तिनं विचारलं एवढंच, "गिरकी पल्लवीला का, सर?" मी म्हणालो, गिरकी काय कुणीही घेतं. हे मी शिकवणाऱ्याच्या तोंडानं बोललो, आणि त्या वयाच्या पोरीला ते पटलंही असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती वेण्यांना लाल रिबिनी लावून आली. घरी तिनं आईला सांगितलं होतं, सरांनी नाच माझ्यावर ठेवला हाय.

कार्यक्रमाच्या दिवशी कमलबाई लागणीवरून लवकर निघून आल्या. हे मला नंतर कळलं. दुपारीच येऊन त्या स्टेजसमोर सतरंजीवर अगदी पुढं बसल्या होत्या, शेजारी पिशवीत पोरीसाठी भाकरी. संध्याकाळी पाहुणे आले. पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या. खुर्च्या पुढं येत गेल्या तशी सतरंजी मागं सरकत गेली, दरवर्षी सरकते तशीच. बसलेल्या बायका उठल्या, मागं जाऊन परत बसल्या. आमचा नाच सुरू झाला तेव्हा कमलबाई लिंबाच्या झाडाच्याही मागं पोचल्या होत्या. त्यांना लांबचे चेहरे ओळखू येत नव्हते, हेही मला नंतरच कळलं.

आणि आम्ही तरी त्या पोरींना ओळखू यायचं काय ठेवलं होतं? नगरहून भाड्यानं आणलेल्या एकसारख्या हिरव्या नऊवारी, एकसारखे कागदी गजरे, गालांवर एकसारखा लाल रंग. कपाळावर इतकी मोठी चंद्रकोर की खाली नाक कुणाचं हे कळू नये. त्यावर फिरते रंगीत दिवे. मला हवंच असायचं ते, बारा जणी एक दिसल्या पाहिजेत, त्यालाच आम्ही सफाई म्हणतो. नाच अप्रतिम झाला. एवढा एकसंध नाच माझ्या हातून पुन्हा झाला नाही. पाठमोऱ्या भागात मी खाली नुसता उभा होतो, हात बांधून, कारण माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. पडद्यासमोर त्या हिरव्या ओळींच्या पलीकडे एक पोरगी सगळा नाच ओढून नेत होती आणि तिचा चेहरा फक्त त्या पडद्यावरच्या रंगवलेल्या डोंगराला दिसत होता. मला तेव्हा आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही.

नाच संपल्यावर गर्दीतून वाट काढत कमलबाई माझ्यापाशी आल्या. हातात ती पिशवी होती. मी सुजाताची आई, असं म्हणाल्या. पोरगी घरी तुमचंच सांगत असती, म्हणाल्या. मग जरा लाजून, आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं,

"सर, त्यात आमची कोन्ती हुती?"

माझ्याजवळ खरं उत्तर होतं. मागची, मधली, तुम्हाला दिसली नाही ती. ते शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "पुढची. मधली. एकटीनं गिरकी घेतली ना, ती."

कमलबाईंचा चेहरा जो फुलला तो मी विसरलेलो नाही. "व्हय? मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "म्हनलं, एवढी देखनी गिरकी कोनाची म्हनायची." त्यांच्या मागे सुजाता उभी होती. नऊवारी सोडून घडी करून हातात घेतलेली, गालावर रंग तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मला खोटं पाडेल असं क्षणभर वाटलं, आणि पाडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं साडी माझ्या हातात दिली आणि आईबरोबर गेली. पुढच्या वर्षी मी तिला नाचासाठी बोलावलं तेव्हा म्हणाली, न्हाई सर, दहावी हाय.

त्यानंतर मी कितीतरी नाच बसवले. कोळी, शेतकरी, देशभक्तीचे, पावसाचे. चिठ्ठ्या येत राहिल्या आणि मी त्या घेत राहिलो. हळूहळू मला कळत गेलं की स्टेप बसवणं हे माझं खरं काम नव्हतंच. स्टेप आता पोरं मोबाईलवरूनही उचलतात, माझ्यापेक्षा चांगल्या उचलतात. कोण कुठं उभं राहणार, कोण कुणाला दिसणार आणि कोण दिसणार नाही, हे ठरवणं हे नाच बसवणाऱ्याचं काम. बाकी सगळं गाणं करतं. आणि नेमकं तेच एक काम माझ्या हातात कधी नव्हतं, किंवा होतं आणि मी ते चहाच्या कपाशेजारी ठेवून आलो. यातलं खरं कोणतं, हे ठरवायला गेलो की मी दर वेळी स्वतःला थोडं झुकतं माप देतो. आपला तो बाब्या.

सुजाताच्या शाळेत मी दुपारी पोचलो. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली होती. जीपवाल्यानं मला भाविकच समजून सरळ देवळापर्यंत नेलं असतं. सुजाता फाटकाशी उभी होती. निळी साडी, केसांचा अंबाडा, गळ्यात शिट्टी. ती पाया पडायला वाकली आणि मी मागं सरलो. तिनं मला खुर्च्यांकडे नेलं, आणि वाटेत, चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, आईला अजून तेच माहीत आहे. राहू द्या तसंच." मी विचारलं, इतकी वर्षं? ती म्हणाली, "किती वेळा सांगायला गेले. पण ती ते इतकं रंगवून सांगते ना, की माझंच तोंड मिटतं. आता तर मलाही कधी कधी वाटतं, घेतली असेल मी गिरकी." ती हसली.

कमलबाई पुढच्याच खुर्चीवर होत्या. या वेळी त्यांना सतरंजीवर बसवलं नव्हतं, एवढं सुजातानं पाहिलं होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मी शेजारी बसल्यावर त्यांना सांगावं लागलं मी कोण ते. मग मात्र त्यांनी माझा हात धरला आणि पलीकडे बसलेल्या बाईंना, त्या कुठल्याशा पोराच्या आजी होत्या, सगळं सांगायला सुरुवात केली. हेच ते सर. ह्यांनीच माझ्या पोरीला पुढं हुबं केलं. बारा पोरी हुत्या, पन मदली माझी. सगळ्या मागं ऱ्हायल्या आन ही एकटी पुढं आली, असा पदर खवला, आन अशी गिरकी घेतली. त्यांनी बसल्या जागी हात गोल फिरवून दाखवला. तो हात पल्लवीचा होता. मीच तिला शिकवलेला, मनगट जरा जास्तच वाकवायची ती, ती खोडसुद्धा त्यात होती. अठरा वर्षं ही बाई दुसऱ्याच्या पोरीचा नाच आपल्या पोरीचा म्हणून सांभाळून बसली होती, आणि तिच्या स्वतःच्या पोरीनं जो केला होता तो जगात माझ्याशिवाय कुणाला आठवत नव्हता. त्या मला विचारत होत्या, "काय सर, खोटं हाय का?" मी म्हणालो, नाही.

मग सुजाताचा नाच आला. लेझीम होतं, वीस पोरंपोरी, पाचपाचच्या चार रांगा. पहिल्या कडव्यानंतर पुढची रांग दुभंगून कडेनं मागं गेली आणि दुसरी पुढं आली. पुढच्या कडव्याला तिसरी. मी मोजत होतो. चार कडवी आणि चार रांगा. गाणं संपेपर्यंत प्रत्येक पोरगं एकदा तरी पुढं येणार होतं. हे मला कधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण रांगांच्या चिठ्ठ्या आधीच खिशात असायच्या. तिला कुणी चहाला बोलावलं नसेल का? बोलावलं असणार. ती काय म्हणाली असेल, हे विचारायचं मी ठरवलं आणि मग ठरवणं सोडून दिलं.

आणि रीतीप्रमाणे ती खाली उभी होती. स्टेजच्या मधोमध, आमच्यापासून दहा पावलांवर, पोरांकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ. पदर कमरेला खोचलेला. हातात लेझीम नव्हतं, तरी मुठी लेझीम धरल्यासारख्या. सगळं उलटं करत होती, आणि किती सहज करत होती. मान वळवताना अंबाडा जरासा हलायचा. नववीतल्या त्या पोरीचा नाच जसाच्या तसा तिथं होता, आणि पुन्हा तो आम्हाला पाठीकडूनच दिसत होता.

कमलबाई एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मान काढून स्टेजकडे बघत होत्या. वर, पोरांमधे, त्या काहीतरी शोधत होत्या. शेवटी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"सर, ही कोन मधी हुबी ऱ्हायली? पोरी दिसंनात. आन आमची सुजाता बी कुठं दिसंना. हिला जरा बाजूला व्हायला सांगा की."

मागच्या खेपेला मला उत्तर लगेच सुचलं होतं. या वेळी वेळ लागला. मी म्हणालो, "ताई, ती सुजाताच आहे. तिनंच बसवलाय नाच."

चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, परत लावला, आणि स्टेज सोडून पहिल्यांदा तिच्याकडे बघायला लागल्या. तिसरी रांग मागं गेली, चौथी पुढं आली, तरी त्या तिच्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या,

"मंग हिकडं तोंड करून का न्हाई नाचत ती?"

समोर सुजातानं डावा हात वर केला, आणि स्टेजवर वीस उजवे हात वर गेले.